उन्हेऱ्याचे शेवाळ

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या पालीहून उन्हेरे तीनेक किलोमीटरवर आहे. थंडीत आजीचे गुडघे धरले की आम्ही तिला तिथल्या गरम कुंडांवर घेऊन जायचो. पाण्याला गंधकाचा वास यायचा आणि अंगाला पहिला चटका बसला की पुढे निघावेसे वाटायचे नाही. ऊन पाणी जिथे दगडावरून ओघळते तिथे निळसर हिरवा, बुळबुळीत थर चढलेला असे. आजी दर खेपेला बजावायची, "जपून रे, शेवाळ आहे." शेवाळाशी आपली ओळख एवढीच असते. त्यावरून पाय सटकतो. विहीर उपसली की ते खरवडायचे, अंगणातल्या फरशीवर धरले की ब्लीचिंग पावडर टाकायची.

पुष्कळ वर्षांनी समजले की त्याच थरापायी दोन शास्त्रज्ञ आमच्या गावच्या झऱ्यांपर्यंत पोचले होते. 1965 साली 'हायड्रोबायॉलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जे. थॉमस आणि ई. ए. गोन्साल्विस यांची पश्चिम भारतातल्या गरम झऱ्यांमधील शैवालांवर एक लेखमाला आली. पहिला लेख अकलोली-गणेशपुरीच्या झऱ्यांवर होता आणि दुसरा पालीच्या. महाडजवळच्या सवचे झरेही त्या मालिकेत आहेत. गोन्साल्विस यांनी त्याआधी, 1947 मध्ये, वज्रेश्वरीच्या कुंडांतल्या शैवालांवर लिहिले होते. ज्या पाण्यात आपण दुखरे गुडघे बुडवून बसतो त्या पाण्यात काय काय जगते याची नोंद करायला कुणीतरी बाटल्या आणि तापमापक घेऊन आले होते, हे कळल्यावर मला गावाबद्दल नवाच अभिमान वाटला. बल्लाळेश्वराची पाली, सरसगडाची पाली आणि शैवालशास्त्राच्या नकाशावरचीही पाली.

पाण्यातल्या वनस्पतींपासून इंधन या विषयाची ही प्रस्तावना मी उन्हेऱ्यापासून सुरू करतो, ती केवळ गावच्या प्रेमापोटी नव्हे. हा विषय मराठी वाचकासमोर येतो तेव्हा तो दूरच्या प्रयोगशाळेतल्या चमत्कारासारखा येतो. काचेच्या नळ्या, हिरवे पाणी, पांढरे कोट, आणि 'उद्याचे पेट्रोल' असा मथळा. त्यामुळे वाचक एक तर भारावतो किंवा पान उलटतो. मला वाटते की हा विषय आधी पाण्याचा आहे आणि मग इंधनाचा. म्हणून तो समजून घ्यायचा तर आपल्या नदीच्या, तळ्याच्या, खाडीच्या काठावर उभे राहूनच समजून घेतला पाहिजे.

आमची अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, जांभूळपाड्यावरून पालीच्या बाजूने वाहत नागोठण्याला जाते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना आहे. 1974 साली मुंबई हायमध्ये तेल लागले आणि पुढे तिथल्या वायूवर प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारे हे संकुल उभे राहिले. तालुक्यातली कितीतरी माणसे त्या नोकरीवर घर चालवत आली. आता यातली गंमत पाहा. जगातल्या खनिज तेलाचा मोठा भाग मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रांतल्या सूक्ष्म शैवालांचा आणि प्लवकांचा आहे. ती मेली, तळाच्या गाळात गाडली गेली, वरच्या थरांच्या दाबाने आणि उष्णतेने शिजली, आणि त्यांचे तेल झाले. म्हणजे शेवाळापासून इंधन ही कल्पना नवी नाहीच. निसर्गाने ज्याला कोट्यवधी वर्षे घेतली ते आपण एका हंगामात करू शकू का, एवढाच नवा प्रश्न आहे.

आशा वाटण्याजोगे शेवाळात पुष्कळ आहे. त्याला मूळ, खोड, फांदी नाही. सगळी पेशी सूर्यप्रकाश खाण्याच्या कामाला लागलेली असते. अनुकूल पाण्यात कित्येक जाती दिवसाभरात दुप्पट होतात. एक किलो सुके शेवाळ तयार होताना सुमारे 1.8 किलो कार्बन डाय-ऑक्साइड शोषला जातो. काही जातींच्या सुक्या वजनात पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, तेल असते. शिवाय त्याला चांगली शेतजमीन लागत नाही, गोडे पाणीच हवे असेही नाही. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950च्या दशकात सांडपाण्यावर शेवाळ वाढवणारी उथळ तळी तयार केली. शर्यतीच्या मैदानासारखी गोल वळणाची, आणि पाणी सतत फिरते ठेवायला एक चाक. 1960 साली ऑस्वाल्ड आणि त्यांचे सहकारी गोल्युके यांनी अशा शेवाळापासून मिथेन वायू करून वीज निर्माण करण्याची कल्पना मांडली. पुढे पेट्रोलच्या टंचाईने अमेरिका हादरली आणि 1978 ते 1996 अशी अठरा वर्षे तिथल्या सरकारने तेलासाठी शैवाल शोधण्याचा कार्यक्रम चालवला. तीन हजारांवर वाण गोळा केले, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि न्यू मेक्सिकोत रॉसवेलला हजार चौरस मीटरची तळी बांधून पाहिली. रात्री थंडी पडे आणि उत्पादन कोसळे. शिवाय एक कोडे सुटेना. शेवाळाला नत्राची उपासमार घडवली की ते अंगात तेल साठवते, पण मग वाढायचे थांबते. पोट भरलेले शेवाळ वाढते पण तेल देत नाही, उपाशी शेवाळ तेल देते पण वाढत नाही. आकडेमोडीत हे डिझेल खनिज डिझेलच्या निदान दुप्पट महाग पडत होते. कार्यक्रम बंद झाला.

पुन्हा 2009 मध्ये एक्झॉनमोबिलने सिंथेटिक जिनॉमिक्स या कंपनीबरोबर साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली. शेवाळाची जनुके बदलून ते कोडे सोडवायचे होते. 2023 साली एक्झॉननेही हात काढून घेतला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने सूक्ष्मशैवालापासून बायोडिझेल बनवले आणि त्याच्या मिश्रणावर गाडी चालवून दाखवली. काम चोख होते. तेल निघते, गाडी चालते, यात शंका नाही. अडचण हिशेबाची आहे, आणि तो हिशेब मी इथेच मांडतो, कारण तो समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

उन्हाळ्यात आमच्या वाड्यापाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. तो दहा हजार लिटरचा धरा. उघड्या तळ्यातले चांगले वाढलेले, हिरवेगार शेवाळपाणी त्यात भरले तर त्यात सुके शेवाळ किती निघेल? लिटरला अर्धा ग्रॅम धरला तर पाच किलो. त्यात पाचवा हिस्सा तेल, म्हणजे एक किलो, फार तर लिटर-सव्वा लिटर. एवढ्या तेलासाठी एक आख्खा टँकर पाणी ढवळायचे, गाळायचे, उरलेला चोथा वाळवायचा आणि मग त्यातून तेल पिळायचे. शेवाळाच्या पेशी इतक्या बारीक असतात की साध्या कापडातून त्या पाण्याबरोबर निघून जातात. गाळण्यात आणि वाळवण्यात जी ऊर्जा जाते ती कित्येकदा तेलातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या आसपास पोचते. खताचेही तसेच आहे. एक टन सुक्या शेवाळाला साधारण सत्तर किलो नत्र लागते. युरियाच्या भाषेत दीडशे किलो, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या तीन गोण्या आणि वर थोडे. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. खनिज वायू जाळून खत करायचे, ते खत शेवाळाला घालायचे आणि खनिज तेल वाचवल्याचे समाधान मानायचे, याला अर्थ नाही.

आता कोकणची बाजू. रॉसवेलला थंडीने मारले, आपल्याकडे तेवढी थंडी नाही. जानेवारीतही रात्र गोठवणारी नसते. पण आपला पाऊस? अशी तळी फूटभर खोल असतात, फार तर तीस सेंटीमीटर. आमच्याकडे चार महिन्यांत तीन मीटर पाऊस पडतो. म्हणजे तळ्याच्या खोलीच्या दहापट पाणी आभाळातूनच येणार. शेवाळ धुऊन जाणार, उरलेले ढगाळ उजेडात खुरटणार. वाळवंटासाठी काढलेले नकाशे आमच्या सुधागड तालुक्यात आणून उपयोगाचे नाहीत. दसऱ्यापासून मिरगापर्यंत आठ महिने काम आणि पावसाळ्यात बी जपून ठेवणे, भातशेतीच्या उलट हंगामाचे हे पीक आहे, असे मानूनच आखणी करावी लागेल.

उन्हेऱ्याचे महत्त्व मला इथे वाटते. उघड्या तळ्यात आपण एक वाण सोडतो आणि दुसरेच रानटी शेवाळ येऊन ते बळकावते, किंवा बारीक किडे ते खाऊन टाकतात. वैशाखात उथळ पाणी तापते आणि नाजूक वाण मरतात. गरम झऱ्यांतल्या जाती अशा उष्णतेला सरावलेल्या आहेत. ज्या ऊन पाण्यात घुसखोर तगत नाहीत तिथे त्या पिढ्यान्पिढ्या राहत आल्या. त्यांच्यात इंधनाच्या कामाचे काही आहे का, हे कुंडाकडे पाहून सांगता येणार नाही. वाढवून, मोजून पाहावे लागेल. पण अशा ठिकाणांची किंमत आधी कळत नसते. 1966 साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून टॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने एक जिवाणू वेगळा केला. त्या जिवाणूतल्या उष्णता सोसणाऱ्या विकरावर पुढे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत उभी राहिली. करोनाच्या साथीत आपण सगळ्यांनी जी आरटी-पीसीआर चाचणी करून घेतली, तिचे मूळ एका झऱ्याच्या बुळबुळीत थरात आहे. म्हणून कुंडाला फरशी बसवताना, 'सुशोभीकरण' करताना, तो थर घासून काढणाऱ्यांना मला थांबवावेसे वाटते.

विषयाचा दुसरा भाग मोठ्या पाणवनस्पतींचा. इथे मात्र आपल्याला काही वाढवायचे नाही, ते नको इतके वाढलेले आहे. जलपर्णी, काही ठिकाणी तिला केंदाळ म्हणतात, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून लोकांनी ती बागेसाठी जगभर नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमार्गे भारतात आली. आज उल्हास, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, पंचगंगा, जिथे जिथे गावाचे आणि कारखान्याचे सांडपाणी नदीत येते तिथे तिथे ती आहे. लोक तिला शत्रू म्हणतात. मी तिला पंचनामा म्हणतो. पाण्यात नत्र आणि स्फुरद किती ओतले गेले ते ती हिरव्या अक्षरांत लिहून देते. सांडपाणी न थांबवता नुसती जलपर्णी काढली तर ती महिन्याभरात परत येते.

तिच्यापासून गॅस होतो का? होतो. पण पुन्हा हिशेब. ताज्या जलपर्णीत शंभरात नव्वद-पंचाण्णव भाग पाणीच असते. एक टन उपसली तर हाती सुका माल साठ किलोच्या आसपास. तो चांगला कुजवला तर दहा-बारा घनमीटर बायोगॅस, आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत पाच-साडेपाच किलो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो. म्हणजे एका सिलिंडरसाठी अडीच टनांहून जास्त जलपर्णी. ट्रकमध्ये भरून ती पन्नास किलोमीटर नेली तर डिझेलवरच बराच खर्च होईल. काठावर, जिथे उपसली तिथेच चिरडून कुजवली, गॅस जवळच्या वसतिगृहाला, अन्नछत्राला किंवा बेकरीला दिला, आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात गेली, तर मात्र गणित जुळू लागते. कारण उपसण्याचा खर्च आपण तसाही करतोच. नगरपालिका दरवर्षी जलपर्णी काढण्यासाठी पैसे मोजतात आणि काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून टाकतात. पहिल्या पावसात त्यातली बरीच पुन्हा पाण्यात जाते.

माझे मत मी इथे स्पष्ट सांगतो. शेवाळाने आणि जलपर्णीने महाराष्ट्राच्या गाड्या चालणार नाहीत, निदान आपल्या हयातीत नाही. तेल हे या वनस्पतींचे शेवटचे देणे आहे. पहिले देणे स्वच्छ पाणी, दुसरे गॅस, तिसरे खत. या क्रमाने विचार केला तर प्रकल्प टिकतो. क्रम उलटा केला, तेलाच्या आशेने तळी खोदली, की तो बुडतो.

आपण एकदा असे बुडालो आहोत. मोगली एरंड आठवतो का? 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्यापासून, म्हणजे जट्रोफापासून, बायोडिझेलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुचवला. माळरानावर, पाण्याशिवाय, खताशिवाय तेलाच्या बिया लागतील असे सांगितले गेले. कितीतरी शेतकऱ्यांनी बांधांवर आणि पडीक जमिनीवर रोपे लावली. झाड जगले, पण पाणी-खत न देता बी धरेना, आणि जे धरले त्याला गिऱ्हाईक मिळेना. माझ्या ओळखीच्या एका काकांनी दोन एकरांवर लावलेला मोगली एरंड शेवटी कुंपणाला उरला. पीक वाईट नव्हते. दाखवलेली आशा मोठी होती आणि मोजमाप कमी होते. शेवाळाच्या बाबतीत ते पुन्हा घडू नये, यासाठीच मी एवढे आकडे पुढे केले.

आपल्याकडे जे यशस्वी झाले ते आठवले की वाट दिसते. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या महारोगी आश्रमात मैल्यापासून गॅस करण्याचा प्रयोग झाला, देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक.  देहूला डॉ. सुहास मापुसकर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेले आणि जंतांच्या गोळ्या देऊन रोग हटत नाहीत हे पाहून शौचालयांकडे वळले. शौचालयाला जोडलेला त्यांचा 'मलप्रभा' बायोगॅस संच इंद्रायणीकाठच्या त्या गावात वर्षानुवर्षे चालला. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा, गच्चीवर मावणारा बायोगॅस संच केला आणि 2006 साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणी पेट्रोलला पर्याय शोधायला निघाले नव्हते. घाणीचे काय करायचे हा त्यांचा प्रश्न होता. गॅस त्याचे उत्तर म्हणून आला.

शेवाळाच्या प्रयोगांना रायगडात आणखी एक जागा आहे, खारजमिनीची. पेण, वडखळ, अलिबागच्या बाजूला खाडीचे बांध फुटून, आमच्या भाषेत खांड जाऊन, कितीतरी भातखाचरांत खारे पाणी शिरले. तिथे भात होत नाही, खारे शेवाळ होऊ शकते. कागदावर हे सुंदर दिसते. पण ज्या खाचरांत आता तिवरे रुजली आहेत तिथे हात लावता कामा नये. ती कायद्याने संरक्षित आहेत आणि खाडीतली मासळी त्यांच्यावर जगते. आणि ज्या तळ्यात शेतकरी जिताडा मासा पोसतो तिथे त्याला शेवाळाचे तेल काढायला सांगू नये. जिताडा कितीतरी जास्त पैसे देतो. उरलेल्या थोड्या जागांवर प्रयोग करावेत, तेही बांध आधी नीट करून आणि मालकाला विचारून.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढलेली जलपर्णी जड धातू अंगात शोषून घेते. तिची मळी तपासल्याशिवाय भाजीच्या शेतात टाकू नये. आणि गॅससाठी म्हणून कुणीही, कितीही चांगल्या हेतूने, जलपर्णी एखाद्या स्वच्छ तळ्यात नेऊन सोडू नये.  जलपर्णी एकदा सुटली की परत बोलावता येत नाही.

2018च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शैवालांचा प्रगत इंधनांच्या कच्च्या मालात समावेश आहे. त्याच वर्षी कचऱ्यापासून दाबित बायोगॅस बनवण्याची 'सतत' योजना सुरू झाली. म्हणजे कागदावर दार उघडे आहे. आत जायला आकडे लागतात, आणि ते आकडे दिल्लीला किंवा कॅलिफोर्नियाला मिळणार नाहीत. अंबेच्या कुठल्या डोहात कोणते शेवाळ कोणत्या महिन्यात धरते, पालीच्या गटारांतून रोज किती नत्र नदीत जाते, जलपर्णीच्या एका घनमीटर लगद्यात किती गॅस होतो, हे इथल्याच शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी मोजायचे आहे. त्याला एक तराजू, एक तापमापक, प्लास्टिकचे एक पिंप आणि वर्षभराची चिकाटी पुरते.

वाचकांत एखादा नगरसेवक, सरपंच किंवा नगरपंचायतीतला अभियंता असेल तर त्याला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी जलपर्णी किंवा तळ्यातले शेवाळ काढण्याची निविदा निघेल तेव्हा तिच्यात एक ओळ घाला: काढलेला माल काठावर टाकू नये, त्याचे वजन करावे, नोंद ठेवावी, आणि त्यातला निदान दहावा हिस्सा जागेवरच पिंपात कुजवून निघालेला गॅस मोजावा.